बँड ४० साठी फिल्टर: सॉ घ्यावा की बॉ?

प्रश्न (रत्नागिरी, अभियांत्रिकी अंतिम वर्ष):
आमच्या प्रकल्पात बँड ४० साठी, म्हणजे मोबाइलच्या २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ या पट्टीसाठी, फिल्टर (हवी ती फ्रिक्वेन्सी सोडून बाकीच्या अडवणारा भाग) निवडायचा आहे. पर्याय दोन: सॉ (ध्वनिलहर स्फटिकाच्या पृष्ठभागावरून जाते) आणि बॉ (ध्वनिलहर पदार्थाच्या आतून जाते). वाय-फायची पट्टी लगेच २४०० पासून सुरू होते. तिथे कॉइल-कपॅसिटरचा साधा फिल्टर का चालत नाही? आणि इथल्या खाऱ्या हवेने फिल्टर बिघडेल का?

उत्तर १:
छोट्या कॉइलचा क्यू (ऊर्जा किती कमी वाया जाते याचे माप; जितका जास्त, तितकी कड तीव्र) सहसा शंभराच्याही खाली राहतो, तर सॉ किंवा बॉ रेझोनेटरचा क्यू हजाराच्या घरात जातो. त्यामुळे पट्टीची कड पुरेशी तीव्र उतरवणे कॉइलला जमत नाही. खरी अडचण मात्र तापमानाची आहे. लिथियम टँटलेट या स्फटिकावरचा साधा सॉ फिल्टर तापमानाच्या दर अंशामागे सुमारे ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग) सरकतो, म्हणजे ५० अंशांच्या फरकाला जवळपास ५ मेगाहर्ट्झ, आणि वाय-फायचा पहिला चॅनेल तर २४०२ लाच सुरू होतो. म्हणून माझे मत तापमानाने कमी सरकणाऱ्या बॉच्या, निदान तापमान-भरपाई केलेल्या सॉच्या बाजूने आहे.

उत्तर २ (मालवण, टॉवर देखभाल):
फोनमधला फिल्टर सीलबंद असतो, त्याची काळजी नको. खारा वारा त्रास देतो तो टॉवरवर: कनेक्टर गंजला की दोन वाहक लहरी मिसळून नको त्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, आणि त्या रिसीव्हरच्याच पट्टीत पडल्या तर कोणताही फिल्टर त्यांना अडवू शकत नाही.

उत्तर ३:
डेटाशीटमधला इन्सर्शन लॉस (फिल्टरमधून जाताना हव्या त्या सिग्नलची होणारी घट) केवळ खोलीच्या तापमानाचा आहे की तापमानाच्या संपूर्ण मर्यादेचा, हे आधी तपासावे.