फर काढलं तर सॉड-बी वाढायला हवं ना? माझं उलटंच येतंय

मिरजेचा_पेट्री

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. प्रोजेक्ट ई. कोलायमधल्या लोहाच्या नियमनावर आहे. पुस्तक म्हणतं, लोह भरपूर असलं की फर नावाचं प्रथिन डीएनएवर बसतं आणि जनुकं दाबून ठेवतं. म्हणजे फरचं जनुक उडवलेल्या स्ट्रेनमध्ये ही सगळी मोकळी सुटायला हवीत. सुटतातही, लोह पकडून आणणाऱ्या एंटेरोबॅक्टिनवाली जनुकं मस्त वर गेली. पण सॉड-बी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमचं जनुक) जवळपास गायब! तीनदा नव्याने कल्चर लावून क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजणं) केला, तिन्ही वेळा तेच. गाइड म्हणतात, ट्यूबा अदलाबदल झाल्या असतील. नाही झाल्या हो, स्ट्रेन पीसीआरने तपासलाय.

सीनियर जाता जाता म्हणाला, "एसआरएनए बघ," म्हणजे इतर जनुकांचं नियमन करणारे छोटे आरएनए. म्हणून टोटल आरएनए जेलवर चढवला, तर ९० न्यूक्लिओटाइडच्या (आरएनएच्या अक्षरांच्या) आसपास काहीच नाही. पुस्तकात या विषयाला दीड पान आहे, त्यातलं अर्धं चित्रानेच खाल्लंय. कुणी नीट सांगेल का?

लातूरची_ताई

तुझ्या ट्यूबा बरोबर आहेत. तुझ्यासमोर जे कोडं आहे तेच २००२ पर्यंत या क्षेत्रातल्या लोकांसमोर होतं. फर दडपणारं प्रथिन, तरी फर नसताना सॉड-बी आणि सक्सिनेट डिहायड्रोजिनेज (सक्सिनेट पचवायला लागणारं एन्झाइम) खाली जायचं. मग बेथेस्डाला एनआयएचमध्ये एरिक मासे आणि सुसान गॉट्समन यांनी दाखवलं की दोघांच्या मध्ये एक तिसरा बसलाय. त्याचं नाव राय-एच-बी, साधारण ९० न्यूक्लिओटाइडचा आरएनए, ज्याच्यापासून प्रथिन बनत नाही. फर त्याला दाबतं आणि तो सॉड-बीला दाबतो. तू फर काढलंस, तो मोकाट सुटला. एवढंच झालंय.

स्वस्तातला पडताळा सांगते. फर-म्यूटंट फक्त सक्सिनेटवर वाढत नाही. त्याच स्ट्रेनमधून राय-एच-बीही उडवला की वाढायला लागतो. एम-नाइन या साध्या माध्यमात फक्त सक्सिनेट घालून प्लेट लाव, प्रोजेक्टला फोटो मिळेल आणि गाइडना उत्तरही.

आता तो दाबतो कसा ते बघ. लोह संपलं की फर डीएनए सोडतं आणि राय-एच-बी बनायला लागतो. आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेजचा वेग सेकंदाला चाळीस-पन्नास अक्षरं, म्हणजे दोन-अडीच सेकंदांत एक रेणू तयार. प्रथिन बनवणारा राइबोसोम नको, प्रथिनाची घडी बसायची वाट बघणं नको. एचएफक्यू नावाचं सहा तुकड्यांचं कडं त्याला धरतं, टिकवतं आणि सॉड-बीच्या एमआरएनएशी त्याची गाठ घालून देतं. अक्षरं सगळी जुळत नाहीत, जुळायची गरजही नसते. पण जिथे जुळतात ती जागा मोक्याची आहे, राइबोसोम जिथे बसतो तीच. तो बसू शकला नाही की भाषांतर थांबतं. मागून आरएनेज-ई येतं आणि तुकडे करतं. दोघांचेही.

हे "दोघांचेही" पुन्हा वाच, कारण सगळी गंमत तिथे आहे. फरसारखं दाबणारं प्रथिन आज इथे बसेल, उद्या उठून तिथे बसेल, वापरून संपत नाही. राय-एच-बी एका एमआरएनएबरोबर स्वतःही संपतो. म्हणून त्याची संख्या जास्त आहे तोवर सॉड-बी जवळजवळ शून्यावर राहतं, आणि एमआरएनए त्याच्यापेक्षा जास्त बनायला लागला की जो काही वरचा उरेल तेवढाच प्रथिनात उतरतो. लोह परत आलं की फर नवा राय-एच-बी बनू देत नाही, आणि जुना साठा एमआरएनएबरोबर आपोआप खर्ची पडतो. कुणी झाडलोट करायला नको.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? सॉड-बी हे एन्झाइम स्वतःच लोह वापरतं. सक्सिनेट डिहायड्रोजिनेजमध्ये तर लोह-गंधकाचे गुच्छ असतात. २०१६ ला तुमच्या मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हा मी बारावीत होते. टंचाईत आधी उसाचं पाणी तोडावं हे तेव्हा पोरासोरांनाही कळत होतं. आमच्याकडे ते कितपत तोडलं ते जाऊ दे, जीवाणू मात्र खरंच तोडतो. आणि नुसतं तोडून थांबत नाही. सॉड-ए नावाचं दुसरं एन्झाइम तेच काम मँगनीजवर करतं, आणि फर उठलं की त्याच्यावरचा दाबही सैल होतो. ऊस बंद, ज्वारी चालू.

आता तुझं जेल. आरएनए कॉलमच्या किटने काढलास ना? नेहमीचे सिलिका कॉलम २०० न्यूक्लिओटाइडच्या खालचं नीट धरत नाहीत, ते सगळं वाहून बेसिनमध्ये जातं. माझे दीड महिने असेच गेले. रोज राइबोसोमच्या मोठ्या आरएनएचे, २३एस आणि १६एसचे, सुंदर पट्टे बघून मी खूश, आणि हवं ते गटारात! ट्रायझॉल किंवा गरम फिनॉलने काढ. ८ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइड युरिया जेल लाव. नुसत्या रंगाने दिसेल अशी आशा ठेवू नकोस, तिथे ५एस आणि टीआरएनएचीच गर्दी असते. नॉर्दर्न (जेलवरचा नेमका एक आरएनए त्याला जुळणाऱ्या प्रोबने शोधणं) करावंच लागेल, ऑलिगोचा म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्याचा प्रोब पुरतो. आणि साध्या स्ट्रेनला डायपिरिडिल देऊन एक लेन ठेव, त्याने लोह अडकतं. त्या लेनमध्ये पट्टा आला तर पद्धत बरोबर.

खडू_आणि_डस्टर

ताईंनी छान सांगितलंत, पण एक भर घालतो, नाहीतर पोरगं परीक्षेत लिहील की एसआरएनए फक्त दाबतात. हाच राय-एच-बी शिआ नावाच्या जनुकाला उलट चालना देतो. त्या एमआरएनएचं पुढचं टोक स्वतःवरच दुमडून राइबोसोमची जागा झाकून बसतं, राय-एच-बी जुळला की ती घडी उलगडते. शिआचं प्रथिन शिकिमेट आत आणतं, शिकिमेटपासून पुढे एंटेरोबॅक्टिन, आणि ते बाहेर जाऊन लोह पकडून आणतं. म्हणजे खर्चकपातही तोच करतो आणि वसुलीलाही तोच जातो.

शिवाय गोष्ट २००२ ला सुरू होत नाही. १९८४ ला इनोये यांच्या गटाने मिक-एफ दाखवला होता, ओम्प-एफ हे बाह्यपटलाचं प्रथिन कमी करणारा. मी वर्गात बरीच वर्षं तो "एक अपवाद" म्हणून शिकवला. आता वाटतं, विद्यार्थ्यांची माफी मागावी.

अगार_अगार

टीबीच्या जीवाणूतही हेच चालतं का? आमच्याकडे सगळं मायकोबॅक्टेरियावरच चालतं, म्हणून विचारते.

लातूरची_ताई

मास्तर, शिआ माझ्याकडून राहिलंच, आभार.

अगार, तत्त्व तेच, माणसं वेगळी. तिथे एचएफक्यू सापडलेलं नाही. पण लोह कमी पडलं की लोह वापरणाऱ्या प्रथिनांवर कात्री चालवणारा एमआरएस-आय नावाचा एसआरएनए २०१८ ला दाखवलाय. मात्र ई. कोलायचे आडाखे तिथे जसेच्या तसे लावू नकोस. त्यांच्या डीएनएत जी आणि सी भरपूर, त्यामुळे आरएनएच्या घड्याही घट्ट बसतात.

मिरजेचा_पेट्री

ताई, कॉलमच होता!! ट्रायझॉलने पुन्हा काढलाय, प्रोबची ऑर्डर सरांच्या सहीसाठी अडकलीय. शेजारच्या लॅबमधून दुहेरी म्यूटंट (फर आणि राय-एच-बी दोन्ही उडवलेला) मिळाला, सक्सिनेटवर तिन्ही स्ट्रेन लावले. तिसऱ्या दिवशी साधा आणि दुहेरी, दोघांच्याही कॉलनी आल्या. फर-म्यूटंटचा भाग कोरा.

गाइडना प्लेट नेऊन दाखवली. बराच वेळ उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "छान. पण ट्यूबा एकदा बघून घे."