मदत हवी आहे : स्थलांतरावरच्या चित्रकथेत चेहरे काढायचे की नाही?

नमस्कार. नागपुरात पीएचडी करून राहिलो आहे. विषय, मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बाया. ठिकाण गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा. गोदावरीचा पूल ओलांडला की कालेश्वरम, म्हणजे राज्य बदललं. मुलाखती रेकॉर्ड केल्यात, पण हाताला चित्रांची जुनी खोड, म्हणून त्यातल्या काहींची चित्रकथा केली. गाईड म्हणाले, "छान आहे, परिशिष्टात टाका."

तिथेच अडलो. चामोर्शीकडच्या एका ताईंना पहिलं पान दाखवायला नेलं होतं. पिकअपमध्ये बाया ओळीनं बसलेल्या काढल्या होत्या. त्यांनी बोट ठेवलं, "बसून कोण जाते जी? उभ्यानंच जातो." खोडून उभ्या केल्या. मग बराच वेळ पाहून म्हणाल्या, "अन् माही पोरगी?" तीन मुलाखतींत पोरीचं नाव नाही! मी विचारलं होतं, सोबत कामाला कोण असते. चार वर्षांची पोर कामाला कुठून असणार? पेन्सिल घेतली नाही त्यांनी, बोटानंच जागा दाखवली : दोन गुडघ्यांच्या मधात, पोत्याला टेकून.

आता हे पान परिशिष्ट कसं? मला तर तीच खरी मुलाखत वाटते.

दुसरा घोळ चेहऱ्याचा. ओळख लपवणं बंधनकारक आहे, म्हणून चेहरे कोरे ठेवले. ताई रागावल्या, "मले भूत केलं." गंमत अशी की 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारानं मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं अशी तरतूद होती. ताईंनी असलं पासबुक कधी पाहिलंच नाही. हवा तिथे कुणी तिचा चेहरा लावला नाही, आणि ती मागते तर मी पुसतो. शिवाय पुसून तरी काय? हातावरचं गोंदण गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. ठेकेदारानं ओळखलं तर पुढच्या हंगामात नाव कटलं.

कुणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १
पहिलं खोडलेलं पान फेकलं नाही ना? तारीख टाकून ठेवा. बसलेल्या बाया, मग उभ्या, मग पोरगी : हे तिन्ही खर्डे पद्धतीच्या प्रकरणात लावा, म्हणजे परिशिष्टाचा वाद आपोआप मिटेल. आणि संमती मुलाखतीआधी एकदाच घेऊन भागत नाही. पान पुरं झाल्यावर दाखवून पुन्हा घ्या.

प्रतिसाद २
चित्रात ठेकेदाराला चेहरा देऊच नका. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी 'भीमायन' या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या चित्रकथेत विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी काढलीय. नुसता फुगा पुरतो, माणूस लागत नाही. ताईंसाठी दोघीतिघींची मिळून एक बाई करा, चेहरा कुणाचाच नाही पण कोराही नाही. मात्र तसं प्रबंधात स्पष्ट लिहा.

धागाकर्ता
नांगीचं जमेल. दोघीतिघींची एक बाई मात्र ताईंना पटेल असं वाटत नाही, त्यांना स्वतःच हवंय. पहिलं पान आहे बाप्पा, चहाचा डाग पडलाय, पण आहे. होळीआधी गाड्या भरून निघतात, त्याच्या आत गणेशपेठहून एसटी पकडतो. गोंदण ठेवायचं की बदलायचं, त्यांनाच विचारतो.