एप्रिलची शाळा: बंद ठेवायची की चारपर्यंत उघडी?

घोडबंदरची_आई
काल पोरगा व्हॅनमधून उतरला तो शर्टावर रक्त घेऊनच. घोळणा फुटला होता. तिसरीत आहे. व्हॅनमध्ये बारा पोरं, एसी नाही, आणि शाळा सुटेपर्यंत ती व्हॅन काचा लावून उन्हात उभी. सकाळची शाळा म्हणे उन्हाचा त्रास नको म्हणून. सुटते साडेअकराला, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दारात येईस्तोवर साडेबारा. म्हणजे नेमकं जे ऊन टाळायचं त्याच उन्हात पोरं रस्त्यावर. २०२५ मध्ये तर पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ताणल्या होत्या.
माझं म्हणणं सरळ आहे. ठाणे-नवी मुंबईत मार्चअखेर परीक्षा उरका आणि १ एप्रिलपासून शाळा बंद. बुडालेले दिवस जूनमध्ये घ्या, दिवाळीतून कापा, काहीही करा. पटत नसेल तर कारण सांगा. "आमच्या वेळी" नको.

जुना_नौपाडा
"आमच्या वेळी"च सांगणार, कारण तेच खरं आहे. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले गेलेत. काढून बघा. तेव्हा कुठे शाळांना कुलपं लागली होती? मे महिन्यात आम्ही भर दुपारी विटी-दांडू खेळायचो, खिशात कांदा, घरी आल्यावर माठातलं पाणी आणि पन्हं. आजारी पडल्याचं आठवत नाही. पोरांना एसीत वाढवायचं आणि मग ऊन सोसत नाही म्हणून रडायचं.

कळवा_बाई
घोडबंदरच्या ताई, तुमच्या पोराचा त्रास खराच आहे. पण मी पालिकेच्या शाळेत शिकवते, आणि माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. शाळा बंद नको, चार वाजेपर्यंत उघडी ठेवा.
माझ्या वर्गातली निम्मी मुलं पारसिक डोंगराच्या उतारावरच्या खोल्यांत राहतात. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, खिडकी असलीच तर समोरच्याच्या भिंतीकडे. आई धुण्याभांड्याला बाहेर, बाप नाक्यावर. सुट्टी लागली की मोठी बहीण धाकट्याला घेऊन आत, बाहेरून कडी. दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली एकदा उभ्या राहा, मग शाळा बंद करायची भाषा करा. वर्गात निदान स्लॅब आहे, दोन पंखे आहेत, पाण्याची टाकी आहे, आणि दुपारी खिचडी आहे. सुट्टीत यातलं काहीच नाही.

ऐरोलीचा_डॉक्टर
बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून तीन-चार गोष्टी.
काका, कांद्याने काही बिघडत नाही, काही साधतही नाही. पण तुमचं एक खरं आहे: शरीराला उन्हाची सवय लागते, त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. एसीच्या वर्गातून थेट मैदानावर नेलेलं पोर म्हणूनच जास्त कोसळतं. मात्र तो ४२ चा आकडा इथे पुरेसा नाही. हवेत दमटपणा असला की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून किनारपट्टीला उष्णतेची लाट ठरवायचा हवामान खात्याचा निकष ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त असा आहे. मैदानी भागात तो ४० पासून सुरू होतो. त्यात लहान मुलांचं वजनाच्या मानाने अंग जास्त उघडं पडतं, घाम कमी येतो, आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचं ती सांगतही नाहीत. सहा तासांत लघवी झाली नसेल तर सावध व्हा.
ऊन लागलेलं मूल बरळायला लागलं, झटके आले, अंग चाळीस अंश सेल्सियसच्या वर तापलं, तर पॅरासिटामॉल देत बसू नका. तो ताप वेगळा. सावलीत घ्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, आणि हे करत करतच दवाखान्यात न्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, अंगावर जास्त वेळा पाजा.
आणि ताई, घोळणा फुटला की डोकं मागे टाकायचं नाही. पुढे वाकवून नाकपुड्या दहा मिनिटं दाबून धरायच्या.

घोडबंदरची_आई
मागेच टाकलं होतं. सासूबाईंनी तसंच सांगितलेलं.
डॉक्टर, शाळेजवळच्या दुकानात ओआरएस म्हणून गोड पाण्याचे डबे मिळायचे, ते आणत होते मी.

ऐरोलीचा_डॉक्टर
त्यातल्या बहुतेकांत साखर फार असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. मेडिकलमधून पूड आणा, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं. नाहीच मिळाली तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रोजच्यासाठी ताक पुष्कळ.

खारघर_सेक्टर१२
३८ अंशांना हसणाऱ्यांसाठी: १६ एप्रिल २०२३ ला इथल्याच मैदानावर महाराष्ट्र भूषणचा सोहळा झाला. पारा ३८ च्या आसपासच होता. लोक धावत नव्हते, खेळत नव्हते, बसून होते. १४ जण गेले.
आता माझा मुद्दा. तुम्ही सगळे शाळेवर तुटून पडलात, पण सुट्टीत पोरं जातात कुठे? आमच्याकडे गल्लोगल्ली टर्फ झालेत. दुपारचा स्लॉट स्वस्त म्हणून उन्हाळी क्रिकेट शिबिर दोन ते चार. ते हिरवं प्लॅस्टिक उन्हात गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, बुटातून चटके बसतात. आणि तिथे पोरांना सोडणारे आईबाप तेच, जे शाळेच्या ग्रुपवर उन्हाबद्दल निबंध लिहितात. १ एप्रिलला शाळा बंद केली तर २ एप्रिलला टर्फवर गर्दी.

घोडबंदरची_आई
टोमणा पोचला. स्केटिंगला घातलाय, संध्याकाळी सहाला. तरी सांगते, टर्फवर घालायचं की नाही हे माझ्या हातात आहे. शाळा माझ्या हातात नाही.

वाशीचे_सर
कळव्याच्या बाई, चारपर्यंत शाळा उघडी ठेवा म्हणणं सोपं आहे. ठेवणार कोण? मतदार याद्या आम्ही करायच्या, सर्वेक्षणं आम्ही करायची, आता दुपारी पोरंही सांभाळायची. शिक्षक आहोत की पाळणाघर? शिवाय सरकारचं तरी कुठे ठरलंय? फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, चौथीपर्यंतच्या मुलांची झोप होत नाही म्हणून शाळा नऊच्या आधी भरवू नका. वर्षभराने दुसरा आदेश, ऊन आहे म्हणून सातला भरवा, सव्वाअकराला सोडा. झोप मोडायची की ऊन खायचं, एवढाच पर्याय.

कळवा_बाई
सर, तेच तर. पत्रा रात्री बारापर्यंत निवत नाही. पोरं एक वाजता झोपतात आणि साडेपाचला उठवून सातला माझ्यासमोर बसतात. पहिल्या तासाला निम्म्या माना बाकावर. मी उठवत नाही. तुम्ही उठवता का?
सांभाळायला मीच हवी असं नाही. मदतनीस द्या, अंगणवाडीताईंना मानधन वाढवून द्या. शिकवूच नका दुपारी. पंखा, पाणी, चटई, एवढं पुरे. ठाणे पालिकेने २०२४ मध्ये सीईईडब्ल्यू या संस्थेला सोबत घेऊन उष्णता कृती आराखडा केलाच आहे ना? मग त्यात आमच्या वर्गाची किल्ली दुपारी कोणाकडे राहील हेही एकदा ठरवा.

वाशीचे_सर
मदतनीस मिळाले तर माझी ना नाही. मिळणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

घोडबंदरची_आई
बाई, १ एप्रिलचं मी मागे घेते. सगळ्यांसाठी एकच नियम मागत होते, तो तुमच्या मुलांना महागात पडला असता. व्हॅनचं मात्र सोडणार नाही. सावलीत उभी करा, निघण्याआधी दहा मिनिटं काचा उघडा, आणि बाराच्या जागी सात पोरं. उद्या मुख्याध्यापकांना लेखी देतेय, सोबत चौदा पालकांच्या सह्या.
आणि त्या पत्र्यांचं काही करता येत नाही का?

कळवा_बाई
चुना. गेल्या वर्षी दोन घरांवर मुलांच्या वडिलांनीच मारला, पांढरा जाड थर. आतला चटका कमी झाला असं आयांचं म्हणणं, मी काही मोजलं नाही. पहिल्या पावसात धुऊन गेला, पण तोवर मे निघाला होता. टिकाऊ पांढरा रंगही मिळतो, तो यांना परवडत नाही.

जुना_नौपाडा
एसीबद्दल मी म्हणालो ते म्हणालो, ते मागे घेणार नाही. पण आमच्या वाड्यावर कौलं होती, मागे विहीर, अंगणात आंब्याची सावली. पत्र्याखाली मी एक दुपार काढलेली नाही.
बाई, एका खोलीला चुना किती किलो लागतो?

कळवा_बाई
आठ-दहा किलो धरा काका. वर चढायला माणूस हलका हवा, पत्रे जुने आहेत.