उंच इमारतींच्या डेकवर जाण्याचा संकल्प : काय मोजावे आणि काय सोडावे?

मजलदरमजल (धागाकर्ता)

नमस्कार.

गेल्या सात वर्षांत निरनिराळ्या प्रवासांच्या निमित्ताने मी नऊ उंच ठिकाणांच्या डेकवर, म्हणजे शहर पाहण्यासाठी वर केलेल्या खास मजल्यावर किंवा गच्चीवर, जाऊन आलो. पहिल्या दोन-तीन भेटी निव्वळ योगायोगाच्या होत्या. चौथ्या वेळी मात्र लिफ्टमधून बाहेर पडतानाच लक्षात आले की, आपण शहर पाहायला आलेलो नसून वर चढायला आलो आहोत. तेव्हापासून एका वहीत तारीख, मजला, हवामान आणि वर किती वेळ थांबलो याची नोंद ठेवतो. आता मनाशी असे ठरवले आहे की, ३०० मीटरपेक्षा उंच असलेल्या आणि पर्यटकांना वर जाऊ देणाऱ्या जितक्या इमारती या जन्मी गाठता येतील तितक्या गाठायच्या. हौसेला मोल नसते हे मान्य, परंतु हौसेलाही काही नियम असावेत, आणि नेमके तिथेच घोडे अडले आहे.

आयफेल टॉवर ३३० मीटर उंच आहे आणि टोरांटोचा सीएन टॉवर ५५३ मीटर. पण त्यांना इमारत म्हणावे का? दुसरी शंका अधिक छळते. दुबईच्या बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर असली तरी मी उभा होतो तो १२४वा मजला ४५२ मीटरवर आहे. शांघायच्या वर्ल्ड फायनान्शियल सेंटरची एकूण उंची जेमतेम ४९२ मीटर, पण तिथला १००व्या मजल्यावरचा डेक ४७४ मीटरवर आहे. म्हणजे ३३६ मीटरने ठेंगण्या इमारतीत मी २२ मीटर अधिक उंचावर उभा होतो! वहीत वरचा क्रमांक कोणाला द्यायचा?

तिसरी गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे. एका ठिकाणी वर पोहोचलो तेव्हा दाट धुके होते. तिकीट आगाऊ काढलेले, परतीचे विमान त्याच रात्री, त्यामुळे चाळीस मिनिटे पांढऱ्याशुभ्र काचेसमोर उभा राहून खाली आलो. दिसले ते एवढेच की, काचेच्या बाहेरच्या बाजूवरचे पाण्याचे थेंब खाली ओघळण्याऐवजी वर सरकत होते. ही भेट मोजावी की नाही?

मोजपट्टी

तुमच्या पहिल्या दोन शंकांवर जाणकारांनी पुष्कळ डोके चालवलेले आहे, त्यामुळे तुम्हाला नव्याने नियम करण्याची गरज नाही. 'कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट' ही संस्था जगातल्या उंच इमारतींची क्रमवारी ठेवते. तिच्या व्याख्येनुसार एकूण उंचीपैकी किमान निम्म्या उंचीपर्यंत माणसांच्या वापराचे मजले असतील तरच त्या बांधकामाला इमारत म्हणायचे, अन्यथा तो मनोरा. या कसोटीवर आयफेल आणि सीएन टॉवर दोन्ही बाद होतात, तसेच टोकियोचा ६३४ मीटरचा स्कायट्रीही. ३०० मीटरची तुमची मर्यादा मात्र योगायोगाने अचूक आहे, कारण त्या उंचीपासून पुढच्या इमारतींना ही संस्था 'सुपरटॉल' म्हणते आणि ६०० मीटरपासून पुढच्यांना 'मेगाटॉल'.

उंची मोजण्याच्याही तिच्याकडे तीन वेगवेगळ्या रीती आहेत : वास्तुरचनेचा भाग असलेल्या कळसापर्यंत, वापरातल्या सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत आणि अँटेनासकट अगदी टोकापर्यंत. हा काथ्याकूट वाटेल, पण यावरून मोठा वाद झालेला आहे. क्वालालंपूरच्या पेट्रोनास या जुळ्या इमारतींची उंची ४५२ मीटर आहे, आणि ती टोकाच्या कळसांमुळे. शिकागोच्या तेव्हाच्या सीअर्स टॉवरचे (आताच्या विलिस टॉवरचे; नावात 'टॉवर' असले तरी ती इमारतच) छप्पर ४४२ मीटरवर होते आणि त्यावर उंच अँटेना होत्या. कळस हा रचनेचा भाग आणि अँटेना ही नंतर बसवलेली वस्तू, असा निवाडा झाल्यामुळे जगातल्या सर्वांत उंच इमारतीचा मान क्वालालंपूरकडे गेला. वास्तविक माणसे वावरतात असा सर्वांत वरचा मजला शिकागोतच अधिक उंचावर होता.

म्हणून माझा सल्ला असा की, वहीत 'पायाखालची उंची' असा स्वतंत्र रकाना करावा आणि क्रम त्यावरूनच लावावा. इमारतीची उंची ही वास्तुरचनाकाराची कमाई आहे, आपण फक्त जिथवर लिफ्ट नेते तिथवरचे धनी. एक सूचना मात्र जरूर करतो. वर जाण्याची सोय कायम राहील असे गृहीत धरू नका. न्यूयॉर्कची क्रायस्लर बिल्डिंग १९३० साली उघडली तेव्हा तिच्या ७१व्या मजल्यावर डेक होता आणि तो १९४५ मध्येच बंद झाला. ३१९ मीटरची ती देखणी इमारत तुमच्या यादीच्या अटीत बसूनही यादीबाहेरच राहील.

सांजवात

धुक्याची भेट अवश्य मोजावी, असे माझे स्पष्ट मत आहे. थेंबांचे म्हणाल तर त्यात चमत्कार काही नाही. वारा उंच भिंतीवर आदळला की त्याला वाट काढावी लागते. भिंतीच्या साधारण वरच्या तिसऱ्या हिश्शात तो वरच्या दिशेने वळतो आणि हलके थेंब, कधी कधी बर्फाची भुरभुरही, आपल्याबरोबर वर घेऊन जातो. खाली रस्त्यावर उभे राहून हे कधीच दिसले नसते.

आता थोडे व्यवहाराचे. डेकवरून क्षितिज किती दूर दिसेल याचा हिशेब सोपा आहे : पायाखालची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ३.५७ ने गुणावे, उत्तर किलोमीटरमध्ये येते. १०० मीटरवरून सुमारे ३६ किलोमीटर आणि ४०० मीटरवरून सुमारे ७१. म्हणजे उंची चौपट झाली तरी नजरेचा पल्ला केवळ दुप्पट होतो, आणि तोही हवा स्वच्छ असेल तरच. मोठ्या शहरांवरची धूळ आणि धूर पाहता इतक्या दूरचे क्वचितच दिसते. त्यामुळे तिकीट काढताना मजल्यापेक्षा वेळेचा विचार अधिक करावा. पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ मिळाली तर सोडू नये. ती जमत नसेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्यावी, म्हणजे उजेडातले शहर, मावळती आणि दिवेलागण अशी तिन्ही रूपे एकाच तिकिटात पदरात पडतात. हीच युक्ती इतर सर्वांनाही ठाऊक असते, तेव्हा रांगेची तयारी ठेवावी. काळोख पडल्यावर छायाचित्र काढायचे असल्यास गडद रंगाचे जाकीट कॅमेऱ्याभोवती धरून भिंग काचेला अगदी टेकवावे, नाहीतर शहराऐवजी आतल्या दिव्यांचे आणि तुमच्याच कपाळाचे छायाचित्र येते.

आणि सूर्य वर उशिरा मावळतो हे फक्त पुस्तकी ज्ञान नाही. २०११ साली दुबईतील धर्माधिकाऱ्यांनी असे सांगितले होते की, बुर्ज खलिफाच्या ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रमजानचा उपवास सोडण्यासाठी दोन मिनिटे अधिक थांबावे आणि १५०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे.

दुसरी_खिडकी

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु मूळ संकल्पाशीच माझा मतभेद आहे. सर्वांत उंच इमारतीवरून शहर पाहताना त्या दृश्यात नेमकी ती इमारतच नसते. न्यूयॉर्कला एम्पायर स्टेटच्या ८६व्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीत ३२० मीटरवरचा वारा खाण्याची मजा वेगळी आहे, हे मी नाकारत नाही. पण ती इमारत स्वतः पाहायची असेल तर रॉकफेलर सेंटरच्या ७०व्या मजल्यावर जावे लागते. तिथून ती शहराच्या मधोमध उभी दिसते आणि मगच तिच्या उंचीचा अर्थ कळतो. लंडनच्या शार्ड या इमारतीचा डेक २४४ मीटरवर आहे, म्हणजे शांघायच्या तुमच्या डेकच्या जवळपास निम्म्यावर, तरीही रुळांवरून वळण घेणाऱ्या आगगाड्या तिथून खेळण्यांसारख्या स्पष्ट दिसतात आणि पाहता पाहता वेळ कसा जातो ते समजत नाही.

साडेचारशे मीटरवरून शहराचा नकाशा होतो. रस्ते रेघा होतात, माणसे तर दिसेनाशीच होतात. पेट्रोनासच्या दोन इमारतींना ४१व्या आणि ४२व्या मजल्यांवर जोडणारा पूल जमिनीपासून १७० मीटरवर आहे. मी तिथे आणि नंतर ८६व्या मजल्यावरही गेलो. आज डोळे मिटले की पूलच आठवतो, कारण तिथून खालच्या बागेत छत्री उघडणारी एक व्यक्ती दिसली होती. ३०० मीटरच्या आकड्यापायी अशी ठिकाणे तुम्ही वगळणार असाल, तर नाकापेक्षा मोती जड म्हणावा लागेल.

भित्रा_प्रवासी

मला उंचीची भीती वाटते आणि तरीही मी पाच डेकवर गेलो आहे, त्यामुळे हा प्रतिसाद माझ्यासारख्यांसाठी.

सीएन टॉवरमध्ये ३४२ मीटरवर १९९४ पासून काचेची जमीन आहे आणि शिकागोच्या त्याच सीअर्स (आताच्या विलिस) टॉवरच्या १०३व्या मजल्यावर २००९ पासून काचेच्या पेट्या आहेत, त्या इमारतीच्या बाहेर सव्वा मीटरहून अधिक आलेल्या आहेत. २०१४ मध्ये त्यांपैकी एका पेटीच्या तळाला लोक उभे असतानाच तडे गेले होते. तडे गेले ते वरच्या संरक्षक थराला, भार पेलणाऱ्या काचेला नव्हे, हे मला पूर्ण ठाऊक होते. तरीही पोटात गोळा आलाच. ज्ञान डोक्यात असते, पाय मात्र लटपटतात ते लटपटतातच. मी लिफ्टच्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो, दूरच्या एखाद्या स्थिर वस्तूवर नजर लावतो आणि काचेकडे एकेक पाऊल सरकतो. काचेपर्यंत पोहोचलो नाही तरी कमीपणा मानत नाही.

माझी भीती सर्वांत कमी झाली ती तैवानमधल्या तैपेई १०१ या इमारतीत. तिथली लिफ्ट पाचव्या मजल्यावरून ८९व्या मजल्यावर ३७ सेकंदांत नेते, तेवढ्या वेळात दोनदा आवंढा गिळावा लागतो. वर खिडकीकडे न जाता मी आतल्या बाजूला टांगलेल्या पोलादी गोळ्यापाशी गेलो. त्याचा व्यास साडेपाच मीटर, वजन ६६० टन. एकावर एक बसवलेल्या ४१ जाड तबकड्यांचा तो बनवलेला आहे आणि जाडजूड दोरांवर लोंबकळतो. वाऱ्याने इमारत एका बाजूला झुकू लागली की हा गोळा मागे राहून तिला आवरतो. ऑगस्ट २०१५ च्या वादळात तो मध्यापासून तब्बल एक मीटर सरकला होता. इमारत डोलते हे कळल्यावर धडकी भरेल असे वाटले होते, घडले उलटेच : ती डोलणार हे कोणीतरी आधीच धरून चालले आहे, हे समोर पिवळ्याधमक रंगात टांगलेले पाहून मला हायसे वाटले. मग मात्र खिडकीपर्यंत गेलो.

मजलदरमजल (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी वही घेऊन बसलो आणि 'पायाखालची उंची' हा रकाना आखला. शांघाय दुबईच्या वर गेले. मनोऱ्यांसाठी मागची पाने वेगळी केली. आयफेलला यादीतून काढायला हात धजला नाही, म्हणून ही तडजोड. 'दुसरी_खिडकी' यांचे म्हणणे पूर्ण पटले नसले तरी, यापुढे प्रत्येक शहरात एक चढण सर्वांत उंच इमारतीची आणि दुसरी तिच्याकडे पाहण्यासाठी शेजारच्या ठेंगण्या इमारतीची, असे ठरवत आहे. यामुळे यादी पूर्ण व्हायला दुप्पट वर्षे लागतील, हे घरी अजून सांगितलेले नाही.

धुक्यातली भेटही कायम केली. त्या ओळीत 'काय दिसले' या रकान्यात इतके दिवस नुसती रेघ होती, तिथे आता 'वर चढणारे थेंब' असे लिहिले आहे.