गन कॅमेऱ्याची क्लिप ऐन रंगात का तुटते?

ओझरचा_अकरावीवाला
नमस्कार मंडळी. आमच्या घरावरून रोज सुखोई जातात, त्यामुळे विमानांचं वेड लहानपणापासून. सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या गन कॅमेऱ्याच्या (म्हणजे लढाऊ विमानात बसवलेल्या, मारा टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) क्लिपा बघतोय. प्रत्येक क्लिप दोन-चार सेकंदांत तुटते. समोरच्या विमानातून धूर निघाला की संपलंच, पुढे ते पडलं की निसटलं कळतच नाही. मुद्दाम कापतात का? चित्रही इतकं थरथरतं की डोकं दुखतं. आणि पायलट एकटा असताना शूटिंग करतं कोण?

डार्करूम_आजोबा
बाळा, शूटिंग कोणीच करत नाही. ट्रिगर दाबला की तोफा आणि कॅमेरा एकदम सुरू, बोट काढलं की बंद. अमेरिकी कॅमेऱ्यात बोट काढल्यावरही क्षणभर फिल्म चालू ठेवायची सोय होती, पण ती तेवढीच.

आता हिशेब कर. सुरुवातीच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात दर मशीनगनला ३०० गोळ्या, म्हणजे सगळा मिळून पंधरा-सोळा सेकंदांचा मारा. पायलट तो दोन-दोन सेकंद करून पुरवणार. मारा झाला की लगेच वळणार, नाहीतर पुढच्याचे तुकडे अंगावर यायचे, किंवा मागून दुसरा कोणी यायचा. कॅमेरा विमानाला पक्का बसवलेला, तोंड फिरवता येत नाही. विमान वळलं की फिल्मवर नुसतं आभाळ.

थरथर तोफांची. मी वायुदलात फोटो सेक्शनला होतो, हंटर या लढाऊ विमानांवर. पोटात ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा, एकेक मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळे फेकणारी, आणि आमचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा नाकाच्या टोकाला काचेमागे. जात्यावर डबा ठेवून फोटो काढल्यासारखं. शिवाय जुनी फिल्म १६ फ्रेमने घेतलेली आणि तू बघतोस २४ ने, म्हणजे सगळं दीडपट पळतं.

पण एक सांगतो, रागावू नकोस. ही फिल्म मर्दुमकी दाखवायला नसायची, ती पायलटची उत्तरपत्रिका होती. सरावात तोफा मुक्या ठेवून नुसता कॅमेरा चालवायचे, त्याला आम्ही 'सिने' म्हणायचो. विमान उतरलं की मॅगझिन (फिल्मची डबी) काढायचं आणि डार्करूमकडे धावत सुटायचं. घाई असली तर प्रिंट न काढता निगेटिव्हच प्रोजेक्टरवर. आभाळ काळंकुट्ट, समोरचं विमान फिकट. खोली अंधारी, सगळे चहा पीत बसलेले, आणि इन्स्ट्रक्टर एकेक फ्रेम थांबवून विचारणार, 'पिपर कुठे आहे, सांगा बघू?' पिपर म्हणजे गनसाइटमधला नेमाचा ठिपका. हवेत 'मारला!' म्हणून ओरडलेला पठ्ठ्या इथे मान खाली घालून बसायचा.

एकदा एका साहेबांच्या अख्ख्या फिल्मवर मधोमध पांढरा धूसर गोळा. ते माझ्यावर उखडले, केमिकलचा डाग म्हणाले. मी हँगरमध्ये जाऊन नाकाची काच बघितली, तर चपटा झालेला किडा. त्यानं उजेड अडवला, म्हणून निगेटिव्हवर तो पांढरा. पुसायला मीच विसरलो होतो, हे मात्र तेव्हा बोललो नाही.

कॅमेरेजमा_पुणे
वा आजोबा! थोडी भर घालतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी सरावासाठी हाइथ नावाचा कॅमेरा काढला, थॉर्नटन-पिकार्ड कंपनीचा. दिसायला हुबेहूब लुईस मशीनगन, पण गोळीच्या जागी फोटो. जपान्यांचाही असाच होता. बनवणारी कंपनी कोनिशिरोकू, तीच पुढे कोनिका झाली.

शंकेखोर_नाना
म्हणजे पाडल्याचे दावे सगळे हवेतलेच म्हणायचे?

डार्करूम_आजोबा
नाना, तसं नाही हो. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बॉयराच्या हवाई लढाईचं घ्या. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध जाहीर व्हायच्या आधी. आपली चार नॅट लढाऊ विमानं, समोर पाकिस्तानी सेबर विमानं. आपले पायलट मॅसी, गणपती, लाझारस यांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले फोटो पुढे छापून आले. तीन पाडल्याचा दावा होता. दोन खरोखर पडली, दोन्ही पायलट पकडले गेले, त्यातला एक परवेझ मेहदी कुरेशी, जो पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. तिसरं मार खाऊनही ढाक्याला पोचलं. फिल्म खोटी नव्हती. गोळे लागले हे तिनं दाखवलं, पुढचं तिच्या नजरेबाहेर घडलं. म्हणून जमिनीवरचे अवशेष आणि दुसऱ्या पायलटची साक्षही बघायची.

ओझरचा_अकरावीवाला
आजोबा, समोरचं विमान किती लांब होतं ते फिल्मवरून कळतं का?

डार्करूम_आजोबा
ते तर मुख्य काम! बहुतेक पायलट फार लांबूनच मारा सुरू करायचे. सोपं त्रैराशिक आहे. सेबरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.३ मीटर. समज लेन्स ५० मिलिमीटरची आणि फिल्मवर पंख भरले २ मिलिमीटर. काढ अंतर.

ओझरचा_अकरावीवाला
११.३ गुणिले ५०, भागिले २. साधारण २८२ मीटर?

डार्करूम_आजोबा
शाब्बास. आता तेच सेबर जरा आडवं वळलेलं आहे, पंख पूर्ण दिसत नाहीत. मग तुझं उत्तर जास्त येईल की कमी?

ओझरचा_अकरावीवाला
जास्त येईल. पंख लहान दिसणार म्हणून विमान लांब वाटणार, पण असेल जवळच.

डार्करूम_आजोबा
सुट्टीत कराडला ये. फिल्म मोजायचं माझं भिंग अजून कपाटात आहे.