मदत हवी आहे: दोघांना एकत्र गोष्ट वाचून दाखवणं जमत नाहीये

शिफ्टवाला_बाबा
रात्री मुलांना पुस्तक वाचून दाखवतो. धाकटीचं काढलं की मोठा म्हणतो, "हे बाळाचं आहे." त्याचं काढलं की धाकटी मांडीत घुसते, पानं ओढते. परवा एक टर्रकन फाडलंच. मग मोठा रडतो आणि गोष्ट राहते बाजूला. काय वाचू ते सांगा. 'सातत्य ठेवा' वगैरे नको, ते ठेवलेलंच आहे.

खारीबिस्किट
वयं?

अवलिया
आणि माध्यम कुठलं?

शिफ्टवाला_बाबा
मोठा आठचा, धाकटी पावणेतीन. मराठी. त्याने काय फरक पडतो?

खारीबिस्किट
पडतो हो! या दोन वयांना एक गोष्ट पुरणारच नाही. आमच्याकडे धाकट्याचं जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक थोरली वाचते. आधी नाकं मुरडायची, आता वाघाचा आवाज काढते. तो झोपला की तिला मी वाचते.

अवलिया
वाचायचंच कशाला? दिवा मालवा आणि तोंडी सांगा. आमच्या आजीने एकही पुस्तक न उघडता अख्खं महाभारत सांगितलं.

खारीबिस्किट
आजींना सकाळपाळी नव्हती.

अवलिया
पहाटे चारला उठून धारा काढायची. असो.

टेकगुरू
प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. मराठी गोष्टी फुकट, पातळीनुसार लावलेल्या. धाकटीला पहिली पातळी, मोठ्याला तिसरी. फोनवर लावा, पान फाटायचा प्रश्नच मिटला.

खारीबिस्किट
झोपायच्या वेळी फोन? फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावता येते.

टेकगुरू
फोन बापाच्या हातात आहे, पोरांच्या नाही. नसेल पटत तर पीडीएफ उतरवून प्रिंट काढा.

मावशी_कोल्हापूरची
मोठ्याचे डोळे तपासलेत का? माझा भाचा असाच पुस्तकाला कंटाळायचा, निघाला नंबर.

जुनी_रद्दी
'किशोर' घ्या. बालभारतीचं मासिक, 1971 पासून निघतंय. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. मुलांचं निमित्त करून मीच वाचत बसतो. जुन्या अंकांतली चित्रं बघा एकदा.

शिफ्टवाला_बाबा
मावशी, डोळे ठीक आहेत. तो वाचायला नाही, ऐकायला कंटाळतो.
खारीबिस्किट, आमची खोली एकच. धाकटी झोपल्यावर वाचायचं तर कुजबुजावं लागेल. बायकोची दुपारपाळी, ती येते साडेअकराला. म्हणजे एक तिच्याकडे, एक माझ्याकडे हेही नाही.

खारीबिस्किट
हे आधी सांगायचं ना! मग मोठ्याचं रात्री नकोच. सकाळी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत लांबलचक गोष्टीची दोन-तीन पानं वाचा आणि ऐन रंगात आली की थांबा. रात्र धाकटीची, वाचणार दादा.

शिफ्टवाला_बाबा
माझी सकाळपाळी नसेल त्या आठवड्यात जमेल. दादाचं आजच बघतो.

अवलिया
आणि सकाळपाळीच्या आठवड्यात?

जुनी_रद्दी
कुणाकडे 'किशोर'चे जुने दिवाळी अंक आहेत का, छापील? रद्दीच्या भावाने नाही, चांगल्या भावाने घेईन.