कोजागरीची टँगो-संध्या : जमिनीचा प्रश्न

सचिवांकडून, जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांस

सप्रेम नमस्कार.

कोजागरीच्या लगतच्या शनिवारी टँगो-संध्या पुन्हा भरवायची, हे सर्वसाधारण सभेत ठरले त्याला दोन महिने झाले. २०१९ नंतर ती झालेली नाही आणि जुने सभागृह आता आपल्याला मिळत नाही, हे आपण सारे जाणतोच. नव्या जागेचे, म्हणजे शाळेच्या टुर्नहालेचे (व्यायामाच्या हॉलचे), नक्की झाले आहे. मात्र काल तिथल्या हाउसमाइस्टरांचे, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्यांचे, पत्र आले आणि त्यातल्या तीन अटी कार्यक्रमाच्या मुळावर येणाऱ्या आहेत. बाहेर वापरलेले जोडे घालून आत यायचे नाही, टाचेचे बूट अजिबात चालणार नाहीत, आणि जमिनीवर पावडर, मेण किंवा तत्सम काहीही टाकायचे नाही. जमीन लिनोलियमची असून खाली लवचीक थर आहे. मी स्वतः मोजे घालून एक फेरी मारली तेव्हा पाय घसरत होता, आणि रबरी तळाचे बूट घालून पाहिले तेव्हा तो जागचा हलेना.

कोणाकडे उपाय असल्यास मंगळवारपर्यंत कळवावा. दुधाची यादी वेगळी पाठवणार आहे, तेव्हा येथे कृपया दुधाविषयी लिहू नये.

आपली,
सचिव

नानांकडून

स. न. वि. वि.

‘जागचा हलेना’ या दोन शब्दांत सगळे आले. ओचो, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळण, करताना शरीराचा सारा भार एका चवड्यावर असतो आणि त्या चवड्यावरच आपण वळतो. तळ जमिनीला चिकटून राहिला तर वळणे थांबत नाही, फक्त ते जमिनीऐवजी गुडघ्यात होते. गुडघा हा बिजागरीचा सांधा आहे. दारासारखी त्याची उघडमीट करावी, स्क्रूसारखा पिळू नये. माझ्या उजव्या गुडघ्यातली गादी टँगोमुळे नव्हे, तर २०१८ मध्ये लेझीमच्या सरावात अशाच जमिनीवर फाटली, आणि त्या वेळी मी कार्यकारिणीला लेखी कळवले होते. त्या पत्राचे उत्तर अद्याप यायचे आहे.

उपाय एकच, आणि तो म्हणजे प्लायवुड. अडीच मीटर बाय सव्वा मीटरचे ३२ तक्ते अंथरले की बरोबर १०० चौरस मीटर जागा होते. जाडी १२ मिलिमीटरच्या खाली नको, नाहीतर कडा उचलल्या जातील. सांध्यांवर कापडी पट्टी लावावी.

आपला,
नाना

खजिनदारांकडून

नमस्कार.

नानांचा हिशेब नेहमीप्रमाणे चोख आहे, पण त्यांनी वजन लिहिलेले नाही, ते मी लिहितो. अशा एका तक्त्याचे वजन सुमारे २५ किलो भरते, म्हणजे एकूण ८०० किलो लाकूड आपण सकाळी आत न्यायचे आणि रात्री बाहेर आणायचे. ज्यांचे गुडघे वाचवण्यासाठी हा खटाटोप चालला आहे, तेच हे तक्ते उचलणार आहेत का, एवढाच माझा प्रश्न आहे. शिवाय तक्ते, गाडी आणि तिचे भाडे कोणत्या खात्यातून द्यायचे? गणपतीची शिल्लक गणपतीचीच राहील, हा ठराव मीच मांडला होता आणि तो एकमताने मंजूर झाला होता.

रेकॉर्ड लावून सार्वजनिक नाच करायचा म्हटले की गेमाला, म्हणजे संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या इथल्या संस्थेला, आधी कळवावे लागते आणि शुल्कही भरावे लागते, तेही विसरू नये. टँगोगायक गार्देल १९३५ मध्ये विमान अपघातात गेला, मृत्यूनंतर हक्क टिकतात ती ७० वर्षे कधीच उलटली, म्हणून त्याच्या चाली फुकट वाजवता येतील, असे मागच्या वेळी कोणीतरी सुचवले होते. त्याच्या चालींपुरते ते खरे आहे, आणि त्याची गीते लिहिणारा ले पेरा त्याच अपघातात गेल्यामुळे शब्दांनाही तेच लागू पडते. पण अख्खी रात्र एकट्या गार्देलवर कोण नाचवणार आहे? वाद्यवृंदप्रमुख दि सार्ली १९६० मध्ये गेला, त्याच्या स्वतःच्या रचना २०३० अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

खजिनदार

माईंकडून

प्रिय सर्वांस,

गार्देलवर नाचायचे नसतेच, तो बसून ऐकायचा असतो. ब्युनॉस आयर्सच्या जुन्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगोच्या मेळाव्यांत, गार्देल लावला तर लोक खुर्च्यांवर राहतात, तेव्हा खजिनदारांनी तो मुद्दा निकालात काढला हे बरेच झाले. रात्र दारिएन्सोच्या वाद्यवृंदाने सुरू करायची, मध्यावर दि सार्ली आणायचा आणि पुग्लिएसे शेवटाकडे राखून ठेवायचा. हा क्रम आम्ही पहिल्या वर्षापासून पाळत आलो आहोत आणि तो बदलायचा झाल्यास मला आधी विचारावे.

आता जमिनीविषयी. टुर्नहालेत टँगो म्हणजे काहीतरी कमीपणा, असा सूर मला दोन-तीन फोनांवर ऐकू आला, म्हणून सांगते. ब्युनॉस आयर्सच्या विया उर्किसा भागात सुंदरलँड क्लब आहे. तिथली मिलोंगा बास्केटबॉलच्या मैदानावर भरते, डोक्यावर दोन्हीकडे जाळ्या असतात आणि दिवे झगझगीत असतात. टँगो नाचणारे जगभरातून तिथे जातात आणि त्या मोहल्ल्याच्या लांब, संथ पावलांना त्या भागाच्याच नावाने ओळखतात. सजावट समितीने मंद दिव्यांचा आणि मेणबत्त्यांचा जो बेत केला आहे, त्याला माझा विरोध आहे तो याच कारणासाठी. काबेसेओ म्हणजे हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला केवळ नजरेने विचारणे, आणि त्याने मानेच्या हलक्या झोकाने होकार देणे. अंधारात नजर पोहोचत नाही, मग मंडळी टेबलापाशी येऊन हात पुढे करतात आणि समोरच्याला नाही म्हणण्याची सोयच उरत नाही. ट्यूबलाइट राहू द्यावी.

नाना, तुमच्या गुडघ्याची मला काळजी आहेच. तरीही एवढे लक्षात असू द्या की १९५५ नंतर टँगो जवळजवळ विझला होता. १९८३ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर तो पुन्हा उजळला तेव्हा नाचणाऱ्यांत पोट सुटलेले, पन्नाशी ओलांडलेले लोक होते, आणि त्यांना पाहूनच जगाला पुन्हा शिकावेसे वाटले.

माई

वहिनींकडून

नमस्कार.

प्लायवुडही नको आणि भांडणही नको, पायात काय घालायचे तेवढे ठरवावे. टाच चालणार नाही हे मान्य करून मी घरातल्या सगळ्या चपला-बूट पिशवीत भरले आणि मुलाच्या जिम्नॅस्टिकच्या तासाला त्याच टुर्नहालेत नेले. (सगळ्यांचे तळ आधी धुऊन घेतले होते, हाउसमाइस्टरांना सांगायला हरकत नाही.) स्वेडच्या तळाचे सपाट सराव-बूट उत्तम फिरतात, पण ते किती जणांकडे असणार? साध्या कॅनव्हासच्या बुटांना चवड्याखाली खोक्यांची तपकिरी चिकटपट्टी लावली तर तेही फिरतात. साधारण तीन टांड्यांनंतर (टांडा म्हणजे सलग वाजणाऱ्या गाण्यांचा संच) पट्टी सुरकुतते आणि बदलावी लागते.

राहवले नाही म्हणून कोल्हापुरीही घालून पाहिली. अस्सल चामड्याचा तळ असल्यामुळे ती लिनोलियमवर इतकी सुरेख वळते की मी पुढे जाणाऱ्या ओचोंची अख्खी रांग न अडखळता केली. घोळ झाला तो मागे पाऊल टाकताना. टँगोत बाईला निम्मा वेळ मागेच चालायचे असते, आणि कोल्हापुरीत पाय केवळ पुढूनच धरलेला असतो. पाऊल मागे गेले, टाच चपलेतून सुटली आणि चपलेची मागची बाजू माझ्याच दुसऱ्या पायाखाली आली. भिंतीलगतच्या शिड्या धरल्या म्हणून वाचले. मुलाच्या प्रशिक्षकांनी हे सर्व पाहिले.

वहिनी

अण्णांकडून

वहिनींचे पत्र वाचून आनंद झाला. नव्या कोल्हापुरीची करकर दारिएन्सोच्या ठेक्यात बसेल का, एवढे त्यांनी लिहिले नाही. त्याला ‘ठेक्याचा राजा’ म्हणत, तेव्हा बसायला हरकत नसावी. पुरुषांनी ती घालून पाहावी असे मी सुचवतो, कारण पुरुषाला बहुतेक पुढेच चालायचे असते.

मला मात्र कॉर्टिनाविषयी लिहायचे आहे. दोन टांड्यांमधला तो अर्धा मिनिट गेली कित्येक वर्षे मी पेटीवर वाजवत आलो आहे, आणि या वर्षी त्या जागी ‘काहीतरी हलकेफुलके रेकॉर्डेड’ लावण्याचे घाटत असल्याचे कानावर आले. टँगोचे वाद्य बँडोनिऑन आणि आपली पेटी एकाच कुळातली आहेत. दोन्हींत भात्याचा वारा धातूच्या पट्ट्यांवरून जातो आणि सूर निघतो. आपली पेटी भाता एकीकडे, बोटे एकीकडे अशी सरळ आहे. बँडोनिऑनचे एकच बटण भाता उघडताना एक सूर देते आणि मिटताना दुसरा, त्यामुळे ते शिकणे म्हणजे दोन वाद्ये शिकणे होय. हे वाद्य अर्जेंटिनाचे नव्हे, जर्मनीचे. क्रेफेल्डच्या हाइनरिश बांडचे नाव त्याला आहे, आणि टँगोवाले ज्यांच्यासाठी जीव टाकतात ते बँडोनिऑन सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डला आल्फ्रेड आर्नोल्डच्या कारखान्यात होत. तेव्हा या देशात राहणाऱ्या मराठी माणसाने टँगोच्या रात्री पेटी वाजवली तर ती पाहुणी ठरत नाही. आकाशवाणीनेही १९४० पासून तीन दशके पेटीला दार बंद केले होते, पेटी त्यातून निभावली.

अण्णा

माईंकडून

अण्णा, तुमच्या पेटीला कोणाचीच ना नाही. कॉर्टिना वाजली की सर्वांनी जमीन रिकामी करून आपापल्या जागी जायचे, म्हणजे पुढच्या टांड्यासाठी जोडीदार बदलता येतो, इतकेच तिचे काम. २०१९ मध्ये तुम्ही नाट्यपद सुरू केलेत तेव्हा एकही जोडी जागची हलली नाही, उलट खुर्च्यांवरचे लोक उठून तुमच्याभोवती जमले, आणि अर्ध्या मिनिटाची कॉर्टिना अकरा मिनिटे चालली. एका ओळीवर थांबाल का?

माई

एका नव्या सभासदाकडून

सर्वांना नमस्कार.

मी मंडळात गेल्या वर्षीच आले असल्यामुळे जुन्या टँगो-संध्येविषयी मला बोलता येणार नाही. माझी मुलगी याच शाळेत जाते आणि नाताळचे नाटक याच टुर्नहालेत होते, म्हणून एक लक्षात आणून द्यावेसे वाटते. हॉलच्या टोकाला जो निळा पडदा आहे त्यामागे रंगमंच आहे, आणि त्याची जमीन जुन्या लाकडी फळ्यांची आहे. मुले नाटकात त्यावर साधे बूट घालूनच वावरतात, तेव्हा हाउसमाइस्टरांच्या अटी तिथे लागू नसाव्यात. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या शहरात टँगो शिकले ते पुढाकार घेणाऱ्या, म्हणजे एरवी पुरुषाच्या, भूमिकेत. तेही इथे चालेल ना, हे विचारायचे होते.

नानांकडून

निळ्या पडद्यामागे रंगमंच आहे हे मला माहीत होते. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यासाठी नव्या सभासद ताईंनी लिहिले हे योग्यच झाले. नऊ मीटर बाय सहा मीटर, म्हणजे ५४ चौरस मीटर. दर जोडीला साडेतीन चौरस मीटर धरले तर पंधरा जोड्या बसतात, आणि नावे तीस जोड्यांनी दिली आहेत. शिवाय रोंडा, म्हणजे नाचणाऱ्या जोड्यांचा फेरा, घड्याळाच्या उलट दिशेने बाहेरच्या कडेने फिरतो, आणि इथे त्या कडेपुढे मीटरभर खोल खड्डा आहे. मागे चालणाऱ्या व्यक्तीला तो दिसणार नाही. कडेला टुर्नहालेतली लाकडी लांब बाके आडवी लावून टाकावीत. बाक गुडघ्याला लागले की थांबायचे, हे कोणालाही समजते.

नाना

सचिवांकडून

सप्रेम नमस्कार.

आज सकाळी हाउसमाइस्टरांना प्रत्यक्ष भेटले. रंगमंचावर बाहेरचे स्वच्छ जोडे चालतील, चामड्याचा तळ चालेल, टाचेला खाली रबरी टोपी असल्यास टाचही चालेल. पावडर तिथेही नाही. बाके लावायला त्यांनी परवानगी दिली, आणि ती कशासाठी हे सांगितल्यावर दोन बाके आपणहून जास्त दिली.

तीस जोड्यांविषयी माईंशी फोनवर बोलणे झाले. एका टांड्याला पंधरा जोड्या वर जातील आणि कॉर्टिना वाजली की उतरतील. लिनोलियमवर खुर्च्या मांडून बाकीचे बसतील, ट्यूबलाइट चालूच राहील. पंधरा जोड्या उतरून पंधरा चढायला एक ओळ पुरणार नाही, म्हणून अण्णांना दोन मिनिटे देण्यास माई तयार आहेत. कोणत्या भूमिकेत कोणी नाचावे याला मंडळाचा कधीच नियम नव्हता. माई स्वतः पहिल्या वर्षी पुढाकाराच्या भूमिकेत नाचल्या होत्या, कारण पुरुष चारच आले होते. प्लायवुडचा विषय बंद करण्यात येत आहे. गेमाचा अर्ज खजिनदार भरतील.

रात्री दहानंतर आवाज करता येणार नसल्यामुळे पुग्लिएसेचा टांडा साडेनऊला घ्यावा लागेल. त्यानंतर दूध बाहेर शाळेच्या अंगणात, चंद्र दिसला तर चंद्राखाली. रंगमंचावर कोणीही पेला घेऊन चढू नये, फळ्यांच्या फटीत दूध गेले की काय होते ते २०१७ मध्ये सर्वांनी अनुभवले आहे.

आपली,
सचिव

अण्णांकडून

दोन मिनिटांत अंतरा येत नाही, पण मान्य आहे. दुधात जायफळ या वेळी कमी घालावे, शेवटच्या टांड्यालाच अर्धे लोक पेंगतात.